दवण्याचं पाणी

“तेल कुठंय?” नानांनी विचारलं.

मी तोटीच्या भांड्यावर वाकले. नळीतून थेंब पडत होते, वासही येत होता. पण पाण्यावर जो पिवळसर तपकिरी थर दिसायला हवा, तो नव्हता. भांड्यातलं सगळंच पांढुरकं होतं, तांदूळ धुतल्यावर पाणी होतं तसं.

“येईल की,” मी म्हटलं.

“आता काय येणार? चार तास झाले. पाला शिजून काळा पडला असंल.” नानांनी भांड्यात एक काडी बुडवली आणि बोटांत चोळून पाहिली. बोटं ओली झाली, तेलकट झाली नाहीत. त्यांनी काडी भट्टीत टाकली. “नाही उतरलं.”

“थोडं थांबू या नाना.”

“कशाला?” ते उठले, धोतराला लागलेली राख झटकली. “उतरायचं नव्हतं, नाही उतरलं. मला उत्तर मिळालं. बुवांना जाऊन सांग, यंदा तेल नाही.”

चैत्र शुद्ध अष्टमीची ती दुपार. दुसऱ्या दिवशी रामनवमी.

कऱ्हेच्या काठी आमचा तीन गुंठे दवणा होता. वीत-दीड वीत उंचीचं, करड्या-हिरव्या पाल्याचं रोप. चैत्रात देवाला वाहतात, म्हणून त्याच्या जुड्या जेजुरीपर्यंत जायच्या. पण शेवटची कापणी नाना, माझे वडील, विकत नसत. ती सावलीत दोन दिवस सुकवून आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या हंड्यात शिजवायची. हंड्याच्या झाकणातून निघालेली नळी गार पाण्याच्या हौदातून जाई आणि खाली तोटीच्या भांड्यात उतरे. वाफेचं पाणी होई, पाण्यावर तेल तरंगे. खालचं पाणी तोटीतून सोडून द्यायचं, वरचं तेल कुपीत भरायचं. करंगळीएवढी कुपी. नवमीला रामाच्या देवळात चिंतामणबुवा कीर्तनाला उभे राहिले की नानांनी पुढं होऊन त्यांच्या दोन्ही मनगटांना ते तेल लावायचं, मगच बुवा चिपळ्या उचलायचे. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. नानांच्या हातानंच, दुसऱ्या कुणाच्या नाही.

त्या वर्षी माघात माझी आई गेली. पंधरा दिवसांचं दुखणं. दवण्याची रोपं तिनं कार्तिकात लावलेली. रोपं वाढत राहिली आणि ती नव्हती.

आई गेल्यापासून नाना देवळात गेले नव्हते. भांडण म्हणावं तर तसंही काही बोलले नव्हते. पाडव्यापासून रोज दुपारी बुवांचं कीर्तन चालू होतं. मी पुण्याचं कॉलेज सोडून घरी आलेली, वीस वर्षांची, आणि कीर्तनाची तर मला लहानपणापासून भूक. झांजा कानावर आल्या की हातातलं टाकून पळत सुटायची. नाना मात्र ओट्यावर देवळाकडे पाठ करून बसायचे. मी फार मागं लागले तेव्हा एवढंच म्हणाले, “भट्टी लावतो. तेल उतरलं तर बघू. उतरलं तर नेईन मी.”

त्या ‘उतरलं तर’वर माझी सगळी भिस्त होती. आणि तेल उतरलं नाही.

मी देवळाकडे निघाले.

देवळाच्या दाराशी पोचले आणि पाय थबकले. सगळं अंगण दवण्यानं घमघमत होतं. पाण्याला येतो तसला पुसट वास नव्हे. कुपीचं बूच काढल्यावर येतो तसा, पिकल्या फळासारखा, दाट.

सोनाकाकू पायरीवर बसून वाती वळत होत्या. देवळाची झाडलोट त्यांच्याकडे. गावात काय चाललंय ते कळायला त्यांना घरोघर हिंडावं लागत नसे, सगळं चालत त्यांच्यापाशी यायचं.

“काय गं, तोंड का एवढंसं?”

“काकू, हा वास कसला?”

“कसला म्हंजे? तुमच्याच भट्टीचं पाणी. सकाळी दोन बादल्या आणल्या नाही का मी, सड्याला? दरवर्षी नेते तशा.” त्यांनी नाक वर करून श्वास घेतला. “पण यंदा काय लागलाय बाई दवणा! गुरवाची म्हातारी म्हणाली, सोने, आज देवानं स्वतः अंघोळ केलेली दिसतीया. तुमचं तेल तर घागरभर निघालं असंल.”

मी खाली वाकले. दगडांच्या सांध्यात सड्याचं पाणी सुकत आलं होतं. त्याच्या कडेला बारीक पांढरा फेस होता. बोटानं उचलला तरी मोडेना.

मी तो दोन बोटांत चोळून पाहिला. फेस माझ्या ओळखीचा होता.

षष्ठीच्या कीर्तनात बुवांनी एका गवळणीची गोष्ट सांगितली होती. देवाला दूध न्यायचं म्हणून ती भांडं एकदा घासते, मन भरत नाही. दुसऱ्यांदा घासते, मन भरत नाही. तिसऱ्यांदा घासते, तेव्हा भांड्यात तिला आपला चेहरा दिसत नाही, देवाचा दिसतो. बुवा असं काही सांगायचे की समोरच्या बायांच्या हातात ते भांडं यायचं. माझ्याही आलं. घरी येऊन मी तोटीचं भांडं आणि नळी घासायला घेतली. नाना नुसत्या राखेनं आणि कढत पाण्यानं धुवायचे. मला ते पुरेसं वाटेना. साबणात चरबी असते, देवाच्या तेलाला साबण कसा चालेल? फडताळात आईचा रिठ्यांचा डबा होता. ती केसांना रिठेच लावायची. मी मूठभर रिठे भिजवले, त्या पाण्यानं भांडं तीनदा घासलं, नळीत ते पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी ओतून दिलं. विसळलं नाही. भांडं चकचकीत दिसत होतं, फडक्यानं टिपून घेतलं. वर समाधान वाटलं ते वेगळंच.

रिठा केसांतलं तेल काढतो तो कसा, हे मी कॉलेजात शिकले होते. तेल कुठं जात नाही. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण होतात आणि ते पाण्यात अडकून बसतात, वर यायचं नाव घेत नाहीत. शिकले होते, पण ते वहीत होतं. वही आणि आईचा डबा यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

“काकू, त्या पाण्यातलं काही उरलंय?”

“एक थेंब नाही. का गं?”

म्हणजे दोन बादल्या अंगणात गेल्या. घरी भट्टीपाशी एक घागर होती. तेवढीच.

ओवरीतून बुवांचा आवाज आला, “कालिंदी, तूच ना ती? तेल झालं का?”

“उद्या आणतात नाना!” मी म्हटलं आणि पळाले.

घरी नाना घागर उचलून दवण्याच्या मोकळ्या वाफ्याकडे निघाले होते.

“नाना, ओतू नका!”

“वाफ्याला घालतोय. वाया नाही घालवत.”

“तेल त्याच्यात आहे. सगळं तेल त्या पाण्यात आहे.”

नाना थांबले. “पाण्यात तेल असलं तर वर आलं असतं. चाळीस वर्षं भट्टी लावतोय मी.”

“कधी कधी अडकतं. मीठ घातलं की सुटतं. मीठ पाण्यात विरघळायला लागलं की पाणी तेलाला धरून ठेवत नाही.”

“हे पुण्यात शिकवतात?”

“हो.”

“आणि अडकलं कशानं?”

इथं मी सांगायला हवं होतं. पण त्यांनी देवाचं उत्तर म्हणून जे मनाशी धरलं होतं ते माझ्या रिठ्याचं उत्तर होतं, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? मी म्हटलं, “ते नंतर सांगते.”

माझ्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी घागर खाली ठेवली. “तांब्यात मीठ घालायचं नाही. भांडं हिरवं पडेल, तेलही बिघडेल. चिनी मातीची बरणी आण.”

सोनाकाकू मागोमाग आल्याच होत्या. कोण पळालं आणि का पळालं हे बघितल्याशिवाय त्यांना चैन कसं पडणार? म्हणाल्या, “बरण्या काय, माझ्याकडं तीन आहेत. लोणच्याच्या. धुऊन उन्हात घातल्यात.”

त्या तिन्ही घेऊन आल्या. नानांनी पहिलीत तोंड घातलं. “हिंग.” दुसरीत. “मोहरी.” तिसरीत बराच वेळ. “मेथी.”

“अहो, चार वेळा धुतल्यात!”

“चाळीस वेळा धुवा. हिंग जाईल तुमच्या नाकातून, बरणीतून जायचा नाही.”

काकू दुकानातून गोळ्यांची काचेची बरणी घेऊन आल्या. नानांनी ती हातातही घेतली नाही. “पेपरमिंट.”

“बाई गं, नाक आहे का काय!” काकू मला म्हणाल्या. “सगुणा कशी राहिली असंल याच्यासंगं? स्वैपाक करताना मीठ कमी पडलं तरी याला माजघरातून कळत असंल.”

“मिठाला वास नसतो,” नाना म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आम्हा तिघांनाही एकदमच आठवलं असावं. स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताला आईची मिठाची बरणी होती. गुडघ्याएवढी, पिवळ्या गळ्याची. तिच्या लग्नात आलेली. तिच्यात खड्याच्या मिठावाचून दुसरं काही कधी पडलंच नव्हतं. आणि त्यातलं मीठ आईनंच पौषात भरलेलं. आम्ही दोघं माणसं दोन महिन्यांत खाऊन खाऊन किती मीठ खाणार?

नाना स्वतः आत गेले. बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आणली. वास घेऊन पाहिला नाही. वरचं बरंचसं मीठ एका परातीत काढून ठेवलं आणि घागर तिच्यात रिकामी केली. मी लाकडी कालथ्यानं ढवळत राहिले. बाकीचं मीठ विरघळेपर्यंत हात भरून आले.

बरणी अंगणात उन्हात ठेवली. चैत्राचं ऊन, वर एक ढग नाही. त्या दिवशी मी कीर्तनाला गेले नाही. देवळातून झांजा ऐकू येत होत्या, मी बरणीपाशी बसून होते. नाना दोनदा अंगणातून गेले. बरणीकडे बघत नव्हते, पण दोन्ही वेळा बरणीच्या बाजूनंच गेले.

ऊन कलताना पाण्याचा पांढुरकेपणा विरळ व्हायला लागला. वर फेसाचा जाड थर आला आणि त्या फेसाच्या कडेला, बरणीच्या गळ्याशी, तपकिरी कड धरली. नखाच्या कडेएवढी बारीक.

“नाना!”

ते आले, उकिडवे बसले. कडेला बोट लावलं, चोळलं. या वेळी बोट चमकलं.

“हे नुसतं उचलून भागायचं नाही,” ते म्हणाले. “यात फेस आहे, मीठ आहे. परत वाफेवर चढवावं लागंल. लहान हंडी आहे. पहाटे लावू.” बऱ्याच दिवसांनी ते ‘लावू’ म्हणाले होते. त्यांनी खांद्यावरचं धुतलेलं उपरणं बरणीच्या तोंडाला बांधलं आणि आत जाता जाता मला म्हणाले, “नळी राखेनं धू. आणि विसळ.”

तेव्हाच त्यांना कळलं होतं की काय, मला आजतागायत माहीत नाही.

पहाटे तांबडं फुटताना लहान हंडीत स्वच्छ पाणी घेतलं. बरणीवरचा सगळा थर, फेसासकट, पळीनं अलगद उचलून त्यात सोडला. खाली नानांनी बाभळीचा थोडासाच विस्तव केला.

हंडी तापली आणि आतून वेगळाच आवाज यायला लागला. दवणा शिजताना खदखदतो. हा आवाज कुजबुजल्यासारखा होता. नानांनी झाकणाला कान लावला आणि झटकन दोन निखारे बाहेर ओढले.

“फेस वर चढतोय. नळीत शिरला तर सगळं पुन्हा पांढरं होईल.” परत कान लावला. आणखी एक निखारा ओढला. “दवण्याला फेस येत नाही, कालिंदी. हा कशाचा आहे?”

“रिठ्याचा.”

मग मी सगळं सांगून टाकलं. बुवांची गवळण, तीनदा घासलेलं भांडं, रात्रभर भरून ठेवलेली नळी. “तुम्ही म्हणालात उत्तर मिळालं. ते उत्तर नव्हतं नाना. मीच...”

“रिठे कुठले?”

“फडताळातले. आईच्या डब्यातले.”

“सगळे संपवलेस?”

“दोन राहिलेत.”

त्यांचा कान अजून झाकणापाशीच होता. निखारा चिमट्यानं जरासा आत सारला. “ते ठेव,” ते म्हणाले. “ते कशाला वापरू नको.”

मग आवाज वाढला की ते निखारा ओढायचे, कमी झाला की सारायचे. कॉलेजात मला कुणी हे शिकवलं नव्हतं. मिठाचं मला ठाऊक होतं, पण फेसाला झाकणाच्या आत, नळीच्या खाली कसं थोपवून धरायचं ते नानांच्या कानालाच ठाऊक. सूर्य हातभर वर आला तेव्हा नळीच्या टोकाशी पहिला थेंब लोंबला. पाणी स्वच्छ होतं. आणि भांड्यात पडल्यावर त्यातून एक तपकिरी टिकली वर आली आणि फिरायला लागली.

मी हात जोडले. नानांनी जोडले नाहीत, पण टिकलीवरची नजर काढलीही नाही.

दीड तासात कुपीचा तळ भरला. नेहमीच्या चौथ्या हिश्शाएवढाच. बाकीचं देवळाच्या अंगणात दगडांना मिळालं होतं. सोनाकाकू डोकावून म्हणाल्या, “तिचेच रिठे, तिचंच मीठ. लपवलं तिनं आन् काढलं पण तिनंच. काय बाई ही!” आणि पदरानं डोळे पुसत निघून गेल्या.

नानांनी कुपीत काडी बुडवली. मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर पाहत आले होते. काडी उजव्या हातात धरून त्यांनी डावा हात, न बघता, बाजूला पुढं केला. पालथा नव्हे, उताणा. कुणाचा तरी हात त्यावर ठेवला जाईल असा.

तो हात तसाच राहिला.

मला लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली. दवण्याच्या तेलाचं एक आहे, ते दोन माणसांच्या अंगावर सारखं लागत नाही. एकाला गोड, दुसऱ्याला कडवट, तिसऱ्याला मातकट. कुपीत नाक घालून त्याची पारख होत नाही, कातडीवर करावी लागते. आणि नाना ती आईच्या मनगटावर करत. दरवर्षी. काडीनं एक थेंब तिच्या डाव्या मनगटाला, मग दहा श्वास थांबायचं, मग वास घ्यायचा, आणि म्हणायचं, “झालं.” ते म्हटल्याशिवाय तेल घराबाहेर पडत नसे. आई त्या वेळी दुसरीकडे बघत असायची, चुलीवर काही ठेवल्यासारखी घाई चेहऱ्यावर आणून. माझ्यासमोर त्या दोघांनी एकमेकांचा हात धरलेला मी तेवढाच पाहिलाय. वर्षातून एकदा, दहा श्वास.

तेल उतरलं नाही तेव्हा त्यांना जे वाटलं होतं ते रागाचं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. तेल नाही तर पारख नाही.

मी माझं मनगट त्यांच्या हातावर ठेवलं.

ते दचकले. मग त्यांनी हात नीट धरला, काडी टेकवली. मी मनात श्वास मोजले. दहा झाले तरी त्यांनी डोकं खाली केलं नाही. पंधरा झाले. मग ते वाकले.

मी म्हणणार होते, तोच आहे ना? मी तिचीच तर आहे. तिचे डोळे, तिचा आवाज, सगळे म्हणतात. हा वासही तिचाच असणार.

“नाही,” नाना म्हणाले. “हा तुझा आहे. चांगलाय. पण तुझा आहे.”

एवढं बोलून त्यांनी माझा हात सोडला नाही. आणि मी पहिल्यांदा नानांना रडताना पाहिलं. आवाज नाही, खांदे नाहीत, नुसते डोळे भरून वाहत होते आणि ते वाहू देत होते.

“आता हे झालं की नाही झालं, हे कसं सांगू?” ते म्हणाले. “मला तिच्यावाचून कळत नाही.”

“बुवांना कळेल,” मी म्हटलं. “तीस वर्षं त्यांच्या हाताला लागतंय.”

त्यांनी डोळे पुसले, अंघोळ केली, कोरडं धोतर नेसले आणि कुपी कमरेला खोचून माझ्या आधी घराबाहेर पडले.

देवळात माणसं बसली होती. पेटीवाला सूर धरून होता. चिंतामणबुवा पांढऱ्या अंगरख्यात, उपरणं सावरत उभे होते, पण चिपळ्यांना हात लावलेला नव्हता. नाना दारातून आत येताना दिसले तसे ते नुसते हसले आणि दोन्ही मनगटं पुढं केली.

नानांनी तेल लावलं. नेहमी लावून मागं सरत, त्या दिवशी तिथंच उभे राहिले.

“काय नाना?”

“बघा बुवा. बरोबर आहे का?”

बुवांनी मनगट नाकाशी नेलं. डोळे मिटले. समोर दोनशे माणसं ताटकळलेली, पाळण्याची वेळ जवळ येत चाललेली, पण बुवांना घाई नव्हती. “नाना, माझ्या अंगावर हा तीस वर्षं एकच लागतो. तोच आहे.” मग खालच्या आवाजात, “यंदा कमी आहे का?”

“पोरीनं भांडं रिठ्यानं घासलं. तुमची गवळण ऐकून.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांबामागं जायला बघत होते.

“तीनदा?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“अरे रामा! मूळ कथेत एकदाच घासते गं ती. तीनदा मी करतो, रंग भरायला.” ते हसायला लागले. “आणि विसळायचं सांगायला विसरलो.”

पुढं बसलेल्यांना काही कळलं नाही, पण बुवा हसले म्हणून तेही हसले. आणि त्या हसण्यात नाना मागं सरून खांबाला टेकून बसले. देवाकडे तोंड करून.

पूर्वरंग झाला. मध्यंतरात बुक्का लावत फिरणारा माणूस नानांपाशी आला, त्यांनी कपाळ पुढं केलं. उत्तररंगात बुवांनी कौसल्येचं वर्णन असं केलं की देवळातलं एक मूल रडायचं थांबलं. बाराला दहा मिनिटं असताना ते थांबले, मनगट वर धरलं, आणि नेहमी म्हणत नसत असं काहीतरी म्हणाले, “यंदाचा दवणा सगुणाबाईंच्या हातचा आहे.” होता असं नाही म्हणाले. मग एकदम गजर उचलला, झांजा उठल्या, बारा वाजले आणि पाळण्याची दोरी हलली. त्या गर्दीत मी नानांचा आवाज ओळखला. ते गात नसत कधी. त्या दिवशी रामनाम घेत होते, बेसूर, एका पट्टीत, सगळ्यांच्या मागून अर्धा शब्द उशिरा.

नंतर नाना एकोणीस वर्षं राहिले. माझं लग्न झालं, मी सासवडला गेले, पण दर अष्टमीला माहेरी यायचेच. भट्टी लावायचो. उरलेलं पाणी आता टाकत नव्हतो, पुन्हा हंड्यात घालून त्यातलंही तेल उतरवायचो. सोनाकाकू कुरकुरायच्या, यंदाही सड्याला नाही म्हणून. आणि शेवटी नाना काडी बुडवून डावा हात पुढं करायचे, मी मनगट ठेवायची. दहा श्वास. दरवर्षी ते वास घ्यायचे आणि दरवर्षी मान हलवायचे. “नाही. तुझाच.” पुढं पुढं ते हसत म्हणायचे. मीही हसायची. पण दरवर्षी दहा श्वास होईपर्यंत माझा जीव त्यांच्या नाकाशी अडकलेला असायचा. यंदा तरी म्हणतील. वय वाढतं तशी कातडी बदलते म्हणतात. कदाचित यंदा.

नाना गेले तेव्हा मी एकोणचाळीसची होते. आई गेली तेव्हा ती चव्वेचाळीसची.

मी चव्वेचाळीसची झाले त्या वर्षी अष्टमीला मी तेल लावलं आणि मनगट नाकाशी नेलं, तर वास बदललेला. नेहमीच्या गोडव्याच्या खाली काहीतरी नवीन होतं. वाळल्या पेरूच्या सालीसारखं, जरासं धुरकट. मी दहा श्वास थांबले, परत घेतला. तोच.

तो आईचा होता का? मला माहीत नाही. मी आईच्या मनगटाचा वास कधी घेतलाच नव्हता. तो मान नानांचा. तो वास ओळखणारं एकच नाक होतं आणि ते मला पाच वर्षं उणं पडलं.

आता चिंतामणबुवांचे नातू कीर्तनाला उभे राहतात. आवाजात तीच फिरत आहे, गवळण आली तर तीही तीनदाच घासते. मी पुढं बसून ऐकते, आणि एकदाही वाईट वाटत नाही की मी ते खरं मानलं होतं. त्यांच्या मनगटाला तेल मीच लावते. पण त्याआधी घरी, भट्टीपाशी, कुपीत काडी बुडवून एक थेंब स्वतःच्या डाव्या मनगटावर टेकवते आणि हात बाजूला पुढं धरते. उताणा नाही, पालथाही नाही. कुणाच्या तरी हातावर ठेवायचा असतो तसा.

दहा श्वास धरते. मग देवळाकडे निघते.